चढावरचे हेत्वाभास

माउंटन बाइकवाला दिवसातला बराच वेळ माउंटन बाइक चालवत नसतो. तो उभा असतो. या विषयावर आजवर झालेले वाङ्मय बहुतेक उतारावरचे आहे. उड्या कशा माराव्यात, वळणावर सायकल किती कलवावी, मागचा ब्रेक केव्हा सोडावा, यांवर पुस्तके आहेत, चित्रफिती आहेत, शिकवण्याही आहेत. पण चढाच्या ऐन मध्यावर एक पाय जमिनीला लावून, कोपरे हँडलवर टेकून, समोरच्या टेकडीकडे मोठ्या विचारात असल्यासारखा पाहणारा जो मनुष्य प्रत्येक ट्रेलवर आढळतो, त्याच्याबद्दल शास्त्रकार मूग गिळून बसले आहेत. ही उणीव भरून काढण्याचे काम प्रस्तुत लेखकाने शिरावर घेतले आहे. विषय क्षुल्लक आहे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर एवढेच की कावळ्याचे दात मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि कावळ्याला तर दात नसतातच. थांबा निदान असतो.

प्रथम लक्षण. ‘चाके फिरायची बंद होणे म्हणजे थांबा’ असे म्हणावे तर अतिव्याप्ती होते, कारण सायकल मोटारीच्या टपावर बांधलेली असतानाही चाके बंदच असतात. ‘धाप लागल्यामुळे उभे राहणे म्हणजे थांबा’ असे म्हणावे तर त्याहून मोठा दोष येतो, तो असंभवाचा. धाप लागली म्हणून थांबलेला मनुष्य त्रिभुवनात नाही. कोणालाही विचारा, तो दुसरेच कारण सांगेल. सांगताना दोन शब्दांमध्ये एक श्वास घेईल, पण सांगेल. म्हणून निर्दोष लक्षण असे: धाप लागली असता, धापेखेरीज अन्य कारण पुढे करून, किमान एक पाय जमिनीला लावणे म्हणजे थांबा. ‘अन्य कारण’ हे पद लक्षणाचा प्राण आहे. ते काढले तर उरतो तो नुसता दमलेला माणूस, आणि त्याच्यासाठी वैद्यक आहे, न्यायशास्त्र नव्हे.

अभ्यासाचे क्षेत्र म्हणून वेल्स निवडले, तेही सकारण. हिमालयात ‘हवा विरळ आहे’ हे एक कारण सगळ्यांना आयते मिळते, त्यामुळे तिथे कल्पकतेला वाव राहत नाही. वेल्समधला सर्वांत उंच डोंगर स्नोडन १,०८५ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटरहून अधिक ठेंगणा. तिथली हवा दाट, दमट आणि मुबलक आहे. बऱ्याचदा ती पाऊस होऊन तोंडावरच येते. तेव्हा वेल्समधल्या सायकलवाल्याला प्रत्येक कारण स्वतःच्या हाताने घडवावे लागते. इतकी सकस कारणे दुसरीकडे पिकत नाहीत.

शिवाय या खेळाचा तिथला इतिहासही पक्का आहे. डोल्गेथ्लाय गावाजवळच्या कोइड अ ब्रेनिन या जंगलाला १९३५ साली पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आजचे नाव मिळाले. याच जंगलात १९९०च्या दशकात दॅविद डेव्हिस यांच्या पुढाकाराने खास माउंटन बाइकसाठी घडवलेले ट्रेल झाले, आणि ब्रिटनभर पसरलेल्या ‘ट्रेल सेंटर’ या प्रकाराचे मूळ तिथेच मानले जाते. खास घडवलेले म्हणजे कसे, तर पाणी कुठून वाहून जाईल हे आधी पाहून, वळणाच्या बाहेरच्या कडेला भिंतीसारखा उतार देऊन, आणि जिथे वाट फार गुळगुळीत वाटली तिथे दगड हाताने रोवून. (इथे आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा विनोद येतो. तो वाचकांनी आपापल्या घरी करून घ्यावा.)

स्कीच्या उतारांप्रमाणे या ट्रेलना रंग दिलेले असतात: सोप्यांना हिरवा, मग निळा, मग लाल, आणि सर्वांत अवघडांना काळा, बाइक पार्कमधल्या उड्यांच्या वाटांना नारिंगी. सुरुवातीच्या पाटीवर लांबी, चढ आणि लागणारा वेळ लिहिलेला असतो. कोइड अ ब्रेनिनमधला ‘बीस्ट ऑफ ब्रेनिन’ हा काळा ट्रेल सुमारे ३८ किलोमीटरचा आहे. पाटीवरचा वेळ मात्र कधी एका आकड्यात मावत नाही. तो ‘इतके ते इतके तास’ असा असतो, आणि या दोन आकड्यांमध्ये कित्येकदा तासांचे अंतर असते. पाटी लिहिणाऱ्याने सत्य पाहिले होते, पण नाव घेण्याचे धैर्य त्याला झाले नाही. त्या दोन आकड्यांच्या मधली जागा हाच या प्रबंधाचा विषय आहे.

मीमांसकांच्या रीतीने थांबे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे चार प्रकारचे. नित्य म्हणजे फाटक. वेल्समध्ये मेंढ्या अडवण्यासाठी फाटके असतात. फाटक उघडायला उतरावेच लागते, आणि उघडलेले फाटक बंद करायलाही कोणालातरी मागे राहावे लागते. हे पुण्यकर्म करण्यासाठी चढावर जी चढाओढ लागते ती सपाटीवर लागत नाही. नैमित्तिक थांब्याला तर थेट कायद्याचा आधार आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने घोडेवाटांवर सायकली न्यायला परवानगी दिली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर. म्हणजे समोरून आजीबाई कुत्रे घेऊन येताना दिसल्या की उतरून बाजूला उभे राहणे हे नुसते सौजन्य नाही, ते शासनाचे अनुशासन आहे. आजीबाई अजून अर्ध्या किलोमीटरवर असतानाच उतरणारे कायदाप्रेमी नागरिकही पाहण्यात आहेत. निषिद्ध थांबा म्हणजे ट्रेलच्या ऐन मधोमध, आणि त्यातही उडीच्या पलीकडे, जिथे मागून येणारा आकाशातून उतरतो. त्याची चर्चा इथे नको. ती बहुधा दवाखान्यात होते.

राहिला काम्य थांबा, आणि खरे शास्त्र सुरू होते ते इथे. काम्य थांब्याचे पुढे केलेले कारण हा शुद्ध हेत्वाभास असतो: दिसायला हेतू, आत काही नाही. न्यायशास्त्राने हेत्वाभास पाच सांगितले, आणि ते पाचही एका सकाळी, एका चढावर, एका टोळीत सापडतात. उदाहरणांसाठी न्यायग्रंथांतलेच देवदत्त आणि यज्ञदत्त घेऊ. शतकानुशतके त्यांनी आपली पुष्कळ कामे केली आहेत. आता त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवले तर त्यांची हरकत नसावी.

देवदत्त चढाच्या तिसऱ्या वळणावर थांबतो आणि म्हणतो, ‘‘काय देखावा आहे!’’ हा सव्यभिचार. हेतू असा हवा की साध्य नसेल तिथे तो सापडू नये. पण देखावा तर दुसऱ्या वळणावरही होता, पहिल्यावरही होता, आणि गाड्या लावल्या त्या सपाट जागेवरून तर सर्वांत छान होता. तिथे देवदत्त क्षणभरही थांबला नाही. कोइड अ ब्रेनिनच्या परिसरात मौदाख नदीचा धबधबा आहे, शेजारी पिस्टिल काइन आहे, एके काळी सोने निघालेली ग्विनवनिदची खाण आहे. म्हणजे थांबून पाहण्याजोगे खरोखरच काही आहे. तरीही देवदत्ताचे प्रेक्षणीय स्थळ नेहमी जिथे चढ सर्वांत उभा होतो तिथेच निघते, मग समोर लावलेल्या सूचिपर्णी झाडांची भिंत का असेना. या प्रकाराचा कळस धुक्यात होतो. चार हातांपलीकडचे दिसत नसताना, शून्यात नजर लावून, ‘‘इथून एरवी समुद्र दिसतो’’ असे सांगणारा देवदत्त प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तिन्ही प्रमाणांना एकाच वाक्यात ओलांडून जातो. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यापासून या हेत्वाभासाला पुरावाही मिळू लागला आहे: करड्या रंगाची असंख्य छायाचित्रे, तिरकी, हलल्यामुळे पुसट. हात का हलला हे छायाचित्रात दिसत नाही.

विरुद्ध हेत्वाभास फार कमी दिसतो. ‘‘अंग गार पडू नये म्हणून जरा थांबलो’’ एवढे एक उदाहरण पुरे. असिद्ध मात्र मुबलक. ‘‘गिअरमधून काहीतरी टकटक ऐकू येतेय.’’ टकटक देवदत्ताखेरीज कोणाला ऐकू येत नाही. मागचे चाक उचलून पेडल फिरवले की त्यालाही येत नाही. पण तपासणी पाच मिनिटे चालते, साखळीला बोट लावून पाहिले जाते, बोट पुसायला गवत शोधले जाते. बाधित हेतू हा ई-बाइक आल्यावर बहरला. ब्रिटनमधल्या नियमांनुसार तिची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या पुढे ती मदत करणे थांबवते. तर असा मोटरवाला चढावर थांबून म्हणतो, ‘‘बॅटरी जपून वापरलेली बरी,’’ आणि हँडलवरचा पडदा त्याच क्षणी सर्वांना दिसेल अशा ठळक अक्षरांत ८४ टक्के दाखवत असतो. प्रत्यक्षाने बाधित झालेला हेतू इतका उघडा पडलेला न्यायसूत्रकार गौतमाने पाहिला असता, तर सूत्र लिहिण्याचे श्रम त्याला वाचले असते.

या सर्वांत सुंदर तो सत्प्रतिपक्ष. एका हेतूसमोर तितक्याच बळाचा उलटा हेतू उभा राहतो आणि दोघेही एकमेकांना निकामी करतात. देवदत्त आणि यज्ञदत्त शेजारी शेजारी चढत असतात. दोघांचे चेहरे एकाच रंगाचे झालेले असतात. दोघेही एकाच क्षणी पाय टेकतात.

‘‘का रे थांबलास?’’

‘‘तू दमलास असं वाटलं.’’

‘‘मी? मी तुझ्यासाठी थांबलो.’’

‘‘मग चल की.’’

‘‘तू चल, मी आलोच.’’

या वादाचा निर्णय होत नाही. व्हावा अशी वादी-प्रतिवादींची इच्छाही नसते. जितका वाद लांबेल तितके नाडीचे ठोके खाली येतात. प्राचीन सभांमध्ये पंडित दिवसेंदिवस वाद का घालत, याचे एक कारण राजवाड्यांच्या पायऱ्यांतही शोधायला हवे.

थांब्याच्या शास्त्राला गेल्या काही वर्षांत मोठे आव्हान आले ते बाइक पार्कचे. दक्षिण वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळ ऑगस्ट २०१३मध्ये बाइकपार्क वेल्स सुरू झाले. तिथे ‘अपलिफ्ट’ असते: मागे सायकलींची ट्रेलर जोडलेली व्हॅन तुम्हाला सायकलीसकट डोंगराच्या माथ्यावर नेऊन सोडते. तिकीट काढा, बसा, वर उतरा, खाली या, पुन्हा बसा. उताराच्या वाटांना नावेही झकास आहेत. कार्डिफपासून लँडिड्नोपर्यंत जाणाऱ्या महामार्गावरून घेतलेले ‘ए४७० लाइन’ आहे, खाणकामगारांच्या १९८४-८५च्या संपातली घोषणा ‘कोल नॉट डोल’ आहे. पायडल मारत वर जाण्याची वाटही ठेवली आहे, आणि तिचे नाव ‘बीस्ट ऑफ बर्डन’. नाव ठेवणारा प्रामाणिक होता.

पूर्वपक्ष असा: चढ गेला की धाप गेली, धाप गेली की थांबा गेला, थांबा गेला की हे शास्त्र गेले. आम्ही म्हणतो, असे नाही. थांबा नष्ट होत नाही; तो जागा बदलतो. अपलिफ्टच्या दिवशी माथ्यावर जाऊन पाहावे. व्हॅनमधून उतरलेली मंडळी गुडघ्यांची पॅड पुन्हा बांधतात. गॉगल काढतात, पुसतात, घालतात, आणि पुसायचे राहिले म्हणून पुन्हा काढतात. टायर अंगठ्याने दाबून पाहतात, थोडी हवा सोडतात, मग सोडलेली जास्त झाली म्हणून पंप शोधतात. ‘‘तुम्ही व्हा पुढे’’ हे वाक्य त्या माथ्यावर जितक्या शालीनतेने बोलले जाते तितके लखनौच्या स्टेशनावरही बोलले गेले नसेल. खाली जायला लागतात ती काही मिनिटे. माथ्यावर जातो तो वेळ ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

इथे लक्षणाचा परिष्कार करावा लागतो. चढावर धाप असते, माथ्यावर धडकी. म्हणून ‘धाप लागली किंवा धडकी भरली असता’ असा पाठ घ्यावा. बाकी लक्षण तसेच राहते, विशेषतः ‘अन्य कारण’ हे पद. ट्रेल बांधणाऱ्यांना हे गुपित ठाऊक असावे. अवघड वाटेच्या अगदी तोंडाशीच ते एखादी कठीण पायरी किंवा दगडांची रांग ठेवतात, म्हणजे ज्याला ती जमत नाही तो पुढच्या अनर्थात न शिरता तिथूनच परत फिरतो. हेतू सुरक्षिततेचा. पण त्या पायरीसमोर गॉगल जितके स्वच्छ होतात तितके जगात कुठे होत नसतील.

सद्धेतूही असतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ब्लायनाय फेस्टिनियॉगला पाटीच्या दगडाच्या खाणींच्या डोंगरावर २०१२पासून अंतुर स्टिनियॉग या केंद्राचे माउंटन बाइकचे उतार आहेत. हा सारा पाटीदगडाचा प्रदेश २०२१मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. पाटीच्या कडेने टायर चिरतो तेव्हा आतले चिकट द्रव्य फसफसत बाहेर येते, आणि तो थांबा निखळ सत्य असतो. पंक्चर एकाचे, विश्रांती सर्वांची. पंक्चरवाल्याला इतकी मदत आणि इतके सल्ले दुसऱ्या कोणत्या संकटात मिळत नाहीत. दिनास मौद्वीजवळ २०१४पासून होणाऱ्या रेड बुल हार्डलाइन या उतारावरच्या शर्यतीत ‘वारा फार आहे’ हेही खरेच कारण असते. तिथल्या उड्या इतक्या लांब आहेत की वाऱ्याने हवेतला माणूस बाजूला नेला तर तो उतरायचा तिथे उतरत नाही. तिथे जगातले उत्तमोत्तम सायकलवाले आभाळाकडे बघत बसून राहतात आणि कोणी त्यांना हसत नाही. आपण तेच वाक्य हिरव्या ट्रेलवर म्हटले तर लहान मुले हसतात.

या शास्त्राचे आद्य आचार्य कोण, याबद्दल वाद होऊ शकेल. आमच्या मते रिचर्ड ट्रेव्हिथिक. बाइकपार्क ज्या मर्थरजवळ आहे त्याच मर्थरच्या पेनीडॅरन लोखंड कारखान्यातून २१ फेब्रुवारी १८०४ रोजी त्याचे वाफेचे इंजिन रुळांवरून १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे घेऊन ॲबरकायनॉनकडे निघाले. पाचशे गिनींची पैज लागली होती. अंतर जेमतेम सोळा किलोमीटर, लागले चार तास पाच मिनिटे. ट्रेव्हिथिकने लिहून ठेवले आहे की इंजिन चालत असताना ताशी जवळजवळ पाच मैलांनी जात होते, आणि वाटेत झाडे तोडावी लागली, मोठाले दगड बाजूला करावे लागले. गणित सोपे आहे. पाच मैलांच्या वेगाने हे अंतर दोन तासांत संपायला हवे. म्हणजे प्रवासातला निम्मा वेळ थांब्यात गेला. आता ‘इंजिनाला पाणी लागले असेल’ असे कोणी म्हणेल. पण आचार्यांनी तीही वाट बंद केली आहे: निघाल्यापासून पोचेपर्यंत बॉयलरमध्ये पाणी घातले नाही, असे त्याने मुद्दाम नोंदवले. म्हणजे इंजिनाला धाप नव्हती. होते ते झाड, होता तो दगड. रुळांवरच्या पहिल्या वाफेच्या प्रवासाची ही कहाणी चढावरच्या कोणत्याही देवदत्ताने पाठ करावी अशी आहे.

थांब्याच्या शास्त्रात घोड्याचेही एक प्रकरण आहे, ते थोडक्यात. लानूर्टिड वेल्स गावात १९८० साली एका पबमधल्या चर्चेतून माणूस विरुद्ध घोडा अशी डोंगरातली शर्यत सुरू झाली. पुढे काही वर्षे तिच्यात सायकलवालेही होते, आणि १९८९मध्ये टिम गूल्डने माउंटन बाइकवर घोड्याला हरवले. या शर्यतीत घोड्यांची पशुवैद्याकडून तपासणी होते. म्हणजे घोड्याला सक्तीची, सन्मानाची, कारण न सांगता मिळणारी विश्रांती; त्याला देखाव्याचे कौतुक करावे लागत नाही. बुद्धिमान प्राणी कोणता, हा प्रश्न त्या शर्यतीने सोडवायला हवा होता, पण तिने फक्त वेगाचा सोडवला.

एक दुःखाची नोंद इथेच करतो. कोइड अ ब्रेनिनच्या अभ्यागत केंद्रातले उपाहारगृह आणि दुकान २०२५च्या मार्चअखेर तिथल्या सरकारी संस्थेने खर्चाच्या कारणावरून बंद केले. ट्रेल चालू राहिले. हिशेब करणाऱ्यांना वाटले असावे की मुख्य वस्तू ट्रेल आणि कॉफी ही पुरवणी. उभ्या चढावर दम खात असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय तरळत असते, हे त्यांनी कधी विचारले नसावे. माणूस ट्रेलवरून फिरून कॉफीला येतो, की कॉफीपाशी पोचण्यासाठी ट्रेलवरून फिरतो, हा प्रश्न निदान चर्चेला तरी घ्यायला हवा होता.

आता या शास्त्रातला एकमेव गंभीर विषय: थांब्याचे विषम वाटप. टोळीत देवदत्त सर्वांत पुढे, यज्ञदत्त त्याच्या मागे, आणि बराच मागे विष्णुमित्र. देवदत्त माथ्यावर येतो, सायकल आडवी ठेवतो (साखळीची बाजू वर करून, एवढी शिस्त त्याला असते), पाणी पितो, केळे खातो, देखावा पाहतो, टकटक शोधतो. यज्ञदत्त येतो, त्यालाही दहा मिनिटे मिळतात. मग विष्णुमित्र येतो. त्याचा पहिला पाय जमिनीला लागतो, तोंडातून आवाज फुटायचा असतो, आणि देवदत्त सायकल उचलून म्हणतो, ‘‘चला!’’ ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत जास्त, आणि जो घामाने न्हाला आहे त्याला शून्य. सिंहगडाच्या पायवाटेपासून वेल्सपर्यंत हा अन्याय सारखाच चालतो. त्यात ‘‘आता सगळे आलो ना?’’ असा प्रेमळ प्रश्नही विष्णुमित्रालाच विचारला जातो, आणि त्याला होकारार्थी मान हलवण्यापुरतीच शक्ती उरलेली असते.

यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. देवदत्ताला सांगून पाहा. तो ‘‘अरे, आम्ही केव्हाचे थांबलोय’’ म्हणेल, आणि तेही खरेच असेल. नियम करूनही भागत नाही, कारण नियम वाचायला कोणी थांबत नाही. उपाय एकच: निघताना सगळ्यांचा खाऊ एका पिशवीत भरावा, पिशवीचे तोंड नाडीने घट्ट बांधावे आणि ती विष्णुमित्राच्या पाठीवर द्यावी. मग देवदत्त माथ्यावर लवकर पोचो की उशिरा, केळे त्याच्या हाती पडणार विष्णुमित्र आल्यावर. आणि गाठ सोडायला किती वेळ लावायचा, हे ज्याच्या पाठीवर पिशवी त्याने ठरवायचे.